गुडघ्यांचा हवाला

माणसाची अक्कल गुडघ्यात असू शकते, हे मराठी भाषेनं फार पूर्वी ओळखलेलं आहे. लग्नाळू माणूस गुडघ्याला बाशिंग बांधतो आणि लग्नानंतर तेच गुडघे टेकतो, एवढ्यापुरती आमची या अवयवाशी साहित्यिक ओळख होती. पण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवर जगात एक स्वतंत्र वाङ्मय आहे, त्यात दर महिन्याला ढिगानं भर पडते, त्याचे मानकरी ठरलेले आहेत, आणि त्यातला थोर कोण व किरकोळ कोण हे ठरवण्याची रीत साहित्य संमेलनाचा अध्यक्ष निवडण्याच्या रीतीपेक्षाही सोपी आहे, हे मला हाडांचा डॉक्टर होऊ घातलेल्या माझ्या भाच्याकडून कळलं.

रीत अशी. तुमच्या शोधनिबंधाचा उल्लेख दुसऱ्या किती जणांनी आपापल्या निबंधात केला, ते मोजायचं. उल्लेख जास्त, तो निबंध मोठा. "मामा, हा पेपर बघ, हजारो सायटेशन्स आहेत!" असं भाचा म्हणतो तेव्हा घरात पणजोबांची पगडी दाखवावी तसा त्याचा चेहरा होतो. सायटेशनला आपल्याकडे चांगला जुना शब्द आहे: हवाला. फक्त बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसासमोर तो जरा जपून उच्चारावा. कुणी हवाल्यावर मोठा झाला असं ऐकलं, की मी आधी मॅनेजरच्या केबिनकडे बघतो.

पूर्वी बँकेत खातं उघडायचं तर ओळख देणारा लागे. जुन्या खातेदारानं 'मी यांना ओळखतो' म्हणून फॉर्मवर सही करायची. आमच्या शाखेत एक पेन्शनर गृहस्थ येत. पासबुक भरून मिळेपर्यंत ते बाकावर बसत आणि जो कुणी फॉर्म पुढे करील त्याला सही देत. "आपलं नाव काय म्हणालात?" हा प्रश्न ते सही झाल्यावर विचारायचे. अर्ध्या गावाला त्यांनी अशी ओळख दिली. गृहस्थ सज्जन, खाती बहुतेक चांगली निघाली, तक्रारीला जागा नाही. पण त्यांची सही बघून आम्ही कुणाला कर्ज दिलं नाही. ओळखीची सही आणि ऑडिटरची सही यांत फरक असतो, हे शिपायालाही ठाऊक होतं. हवाला ही पहिल्या जातीची सही आहे. तिच्यावर लोक दुसऱ्या जातीचं कर्ज उचलतात, एवढीच माझी हरकत.

कॅलिफोर्नियातल्या सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी २००३ साली या सह्यांचा छान छडा लावला. हवाला देताना खंड आणि पान क्रमांक लिहावे लागतात, त्यात चुका होतात. यांना आढळलं, की एकानं केलेली चूक पुढचे लोक तिच्या आकड्यासकट उतरवून घेतात. मूळ अंक उघडला असता तर ती तिथंच मेली असती. अशा चुकांच्या वंशावळीवरून त्यांनी अंदाज बांधला, की मूळ लेखन वाचून हवाला देणारे साधारण वीस टक्के असावेत. हा हिशेब एकंदर शास्त्रज्ञांचा, गुडघेवाल्यांचा नव्हे. पण गुडघेवाले काही वेगळ्या वहीत लिहीत नाहीत. आमच्या लेजरमध्ये याला 'मागील पानावरून पुढे' म्हणत.

या मोजणीचे जनक युजीन गारफील्ड. १९५५ साली त्यांनी कल्पना मांडली, १९६४ साली फिलाडेल्फियाहून हवाल्यांची पहिली मोठी सूची काढली. त्या सूचीत कोणती नियतकालिकं घ्यायची हे ठरवण्यासाठी त्यांनी 'इम्पॅक्ट फॅक्टर' नावाचा आकडा काढला. मासिकात मागच्या दोन वर्षांत आलेल्या निबंधांना यंदा किती हवाले मिळाले, त्याला निबंधांच्या संख्येनं भागायचं. भागाकार सोपा, हेतू सरळ. पुढं हाच आकडा मासिकाऐवजी माणसाच्या कपाळावर चिकटवायला सुरुवात झाली, आणि त्यावरून कुणाला बढती द्यायची तेही ठरू लागलं.

आता सरासरी काय चीज आहे हे बी. कॉम. झालेल्याला सांगायला नको. समजा, एखाद्या खेड्यातल्या शाखेत साखर कारखान्याचं खातं आहे. एकूण ठेवींना खात्यांच्या संख्येनं भागलं, की पाचशे रुपये शिल्लक असलेला गणपतही कागदोपत्री लखपती. मोठ्या मासिकात चारदोन निबंध कारखान्यासारखे असतात. उरलेले गणपत त्यांच्या जिवावर कॉलर ताठ करून हिंडतात.

पण मला खरी मौज वाटते ती दोन वर्षांच्या मुदतीची. गुडघा बदलला तो चांगला बदलला की वाईट, हे दोन वर्षांत कळत नाही. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या हिशेबाप्रमाणे संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के पंचवीस वर्षं टिकतात. हे सांगता आलं, कारण ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमध्ये अशा ऑपरेशनांच्या राष्ट्रीय नोंदवह्या आहेत आणि कुणीतरी अनाम कारकून त्या वर्षानुवर्षं भरत बसला. (या जागी माझा ऊर भरून आला, हे नोंदवून ठेवतो.) म्हणजे माल पंचवीस वर्षांच्या मुदत ठेवीचा आणि व्याजाची तपासणी दोन वर्षांनी! साहजिकच लोक दोन वर्षांत पिकेल तेच पेरतात.

बरं, सर्वांत जास्त हवाले मिळतात ते कुणाला? भाच्यानं दाखवलेल्या मानकऱ्यांकडे पाहिलं तर पुढच्या रांगेत फूटपट्ट्या बसलेल्या. १९५७चे केलग्रेन आणि लॉरेन्स: क्ष-किरणाच्या फोटोवरून सांध्याची झीज किती, त्याच्या शून्य ते चार पायऱ्या. १९८९चे इन्सॉल आणि मंडळी: बदललेल्या गुडघ्याला शंभरपैकी गुण, आणि त्याच्या मालकाला चालण्या-चढण्याचे आणखी शंभरपैकी. ही कामं मोलाची आहेत, यात शंका नाही. पण त्यांचे हवाले वाढतात ते टेपेचे वाढावेत तसे. शिंप्यानं शिवलेला प्रत्येक सदरा टेपेनं मापलेला असतो; म्हणून टेप हा सर्वोत्कृष्ट सदरा ठरत नाही, आणि सदरा बसला की नाही हे टेप सांगत नाही.

त्यातल्या एका टेपेबद्दल मला जरा बोलायचंच आहे. स्वीडनच्या लिशोल्म आणि गिल्क्विस्ट यांनी १९८२ साली गुडघ्याच्या स्नायुबंधांसाठी गुणपत्रिका तयार केली. १९८५ साली टेग्नर आणि लिशोल्म यांनी ती सुधारली. दुखण्याला २५, गुडघा दगा देण्याला २५, अडकण्याला १५, सुजेला १०, जिन्याला १०, लंगडण्याला ५, काठीला ५ आणि उकिडवं बसण्याला ५. बेरीज मी दोनदा केली, बरोबर शंभर येते. म्हणजे ज्याला उकिडवं बसताच येत नाही, पण बाकी सगळं ठीक आहे, त्याला ९५ गुण. आमच्या वेळच्या बोर्डात पहिला आला असता! मांडी घालून बसण्याला तर रकानाच नाही. पत्रिका मुळात बंध दुखावलेल्यांसाठी, तीही खुर्चीवर जेवणाऱ्या देशात बनलेली, तेव्हा बनवणाऱ्यांचा दोष नाही. पण हवाल्यांच्या लाटेवर बसून ती जगभर फिरली. माझ्या मावशीला पूजेला पाटावर बसता येत नाही, एवढं एकच तिचं दुःख आहे. जगातल्या सर्वांत थोर टेपेत त्या दुःखाची किंमत जास्तीत जास्त पाच गुण.

फूटपट्ट्यांच्या मागच्या रांगेत शस्त्रक्रिया आहेत. १९९४ साली ब्रिटबर्ग आणि सहकाऱ्यांनी स्वीडनमधून जाहीर केलं, की रोग्याचीच कूर्चेची पेशी काढून, बाहेर वाढवून, पुन्हा गुडघ्यात लावता येते. कल्पना विलक्षण, निबंधाला हवाले हजारोंनी. रोगी किती? तेवीस. मांडीच्या हाडावर ज्यांना लावली त्या सोळांपैकी चौदा खूश, वाटीच्या मागे लावलेल्या सातांपैकी दोन. तुलनेला दुसरा गट नाही. लेखकांनी हे काही लपवलेलं नाही, सगळं स्वच्छ लिहिलं आहे. २००३पासून अमेरिकेतलं हाडांचं एक वजनदार मासिक प्रत्येक निबंधावर पुराव्याची पायरी छापू लागलं. चिठ्ठ्या टाकून गट पाडले तर पहिली, नुसती आपल्या रोग्यांची हकीकत असेल तर चौथी, स्वतःचं मत असेल तर पाचवी. ब्रिटबर्ग चौथ्या पायरीवर बसतात. सर्वाधिक हवाल्यांच्या याद्यांत या पायरीवर चांगलीच गर्दी असते. नवी वाट दाखवणाऱ्याला हवाले मिळणारच. पण 'वाट दाखवली' आणि 'पोचवलं' या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

इथं माझ्यातला हिशेबनीस जागा होतो. या साऱ्या चोपडीला जमेची बाजू आहे, नावेची नाही. कौतुक केलं, एक हवाला. शिव्या दिल्या, एक हवाला. मॅसॅच्युसेट्समधले भूलतज्ज्ञ स्कॉट रूबेन यांचं उदाहरण घ्या. गुडघ्याच्या बंधाच्या ऑपरेशनसकट हाडांच्या शस्त्रक्रियांनंतर वेदना कशा कमी कराव्यात, यावर त्यांचे बरेच निबंध होते, हवालेही भरपूर. २००९ साली उघडकीला आलं, की त्यांतले रोगी पुष्कळदा अस्तित्वातच नव्हते. एकवीस निबंध मागे घ्यायला सांगितलं गेलं, २०१० साली त्यांना सहा महिन्यांची कैद झाली. आणि खातं? पुढंही त्या निबंधांचे हवाले दिले जात राहिले, त्यांतल्या थोड्याच ठिकाणी ते मागे घेतल्याची नोंद होती. खातेदार तुरुंगात आणि त्याच्या बंद खात्यात लोक शांतपणे रकमा भरतायत! आमच्याकडे असं झालं असतं तर काउंटरवरचा कारकून पहिला निलंबित झाला असता.

आणि मग ह्यूस्टनचे ब्रूस मोझली. हे गृहस्थ तेव्हा तिथल्या बास्केटबॉल संघाचेही डॉक्टर होते. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून तो धुवायचा, खरवडून साफ करायचा, हे ऑपरेशन तेव्हा अमेरिकेत वर्षाला साडेसहा लाखांहून जास्त होत होतं, प्रत्येकी सुमारे पाच हजार डॉलर. मोझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८० रोगी घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्या. काहींचं खरवडलं, काहींचं नुसतं धुतलं, आणि साठ जणांना गुडघ्यावर तीन बारीक छेद देऊन फक्त ऑपरेशनचं नाटक केलं. नाटक म्हणजे नाटक: डॉक्टर हत्यारं मागतायत, पाय हलवतायत, पाणी ओतल्याचा आवाज करतायत, दुर्बीण मात्र आत नाही. रोग्यांनी हे होऊ शकतं असं आधी लिहून दिलेलं. दोन वर्षांनी पाहिलं तर तिन्ही गट सारखे. २००२ साली निबंध छापून आला आणि गहजब झाला. रोगी बहुतेक पुरुषच, डॉक्टर एकच, निवड चुकली, अशा हरकतींचे निबंध आले. त्यातल्या प्रत्येक हरकतीमागे मोझलींच्या खात्यावर एक हवाला जमा होत होता.

२००८ साली कॅनडातल्या मंडळींनी ऑपरेशनची व्यायाम-औषधांशी तुलना केली; तेच उत्तर. २०१३ साली फिनलंडमध्ये झिजून फाटलेल्या गादीसाठी पुन्हा नाटकाचं ऑपरेशन, पुन्हा तेच. शेवटी २०१७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तज्ज्ञांच्या मंडळानं झिजेच्या गुडघ्यांवर हे दुर्बिणीचं ऑपरेशन करू नका असं ठासून सांगितलं. मोझलींनंतर पंधरा वर्षांनी! एवढी वर्षं सगळ्यांनी त्यांचा हवाला दिला, ओळख दिली, सह्या केल्या. वाचूनही असेल. ऑपरेशनं होत राहिली.

मावशीलाही एका डॉक्टरनं 'दुर्बिणीतून साफ करून घ्या' असं सुचवलं होतं. मी तिला ह्यूस्टनची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, पाण्याच्या आवाजासकट. तिनं वाती वळता वळता सगळं ऐकून घेतलं. हवाले किती, मासिक कोणतं, काही विचारलं नाही.

"पण त्या तिन्ही गटांत," ती म्हणाली, "एकाला तरी नंतर मांडी घालता आली का रे?"

मी घरी येऊन निबंध पुन्हा बघितला. चालायला आणि जिना चढायला-उतरायला लागलेला वेळ घड्याळ लावून मोजला आहे. मांडीचा रकाना नाही.