'वस्ती' या शब्दाची झडती

वसंत मून यांचं 'वस्ती' 1995 साली आलं. नागपूरच्या महारपुऱ्याचं आत्मकथन. 2001 साली गेल ऑम्व्हेट यांनी ते इंग्रजीत नेलं आणि पुस्तक जगभर गेलं, हे मान्य. पण मुखपृष्ठावरचा शब्द गेला. त्याच्या जागी 'भारतात अस्पृश्य म्हणून वाढताना' अशा अर्थाचं लांबलचक शीर्षक आलं. म्हणजे अख्ख्या मोहल्ल्याची गोष्ट एका पोराची झाली, आणि त्या पोराची ओळख काय, तर त्याचं अस्पृश्य असणं! मूनच्या पुस्तकात आखाडा आहे, समता सैनिक दल आहे, एकमेकांच्या आधारानं उभी राहिलेली माणसं आहेत. त्या उभं राहण्याला आपण वस्ती म्हणतो. इंग्रजीत काय म्हणणार? शब्दकोशात 'सेटलमेंट' सापडतं. गोची तिथंच आहे.

मराठीत वसणे वेगळं, वसवणे वेगळं. मी वसतो. मला वसवतात. कर्ता कोण हे क्रियापदच सांगून टाकतं. साहेबाच्या सेटलमेंटमध्ये हा फरक बुडाला, आणि तो बुडणं साहेबाच्या सोयीचंच होतं.

सोलापुरात सेटलमेंट हा कोशातला शब्द नाही, पत्ता आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या पोटातून पुढं निघालेली ही गोष्ट. माणसांना जन्मानं गुन्हेगार ठरवलं, तारेच्या कुंपणात घातलं, हजेरी लावली आणि कामाला जुंपलं. सरकारच्या लेखी हे 'वसवणं' होतं, सुधारणा होती. कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला. त्या भागाला चिकटलेला शब्द गेला नाही.

आपल्या भंडाऱ्यात हाच शब्द दुसऱ्या दारानं आला. मध्य प्रांतात इंग्रजांनी जमिनीची 'सेटलमेंट' केली, तिला आपण बंदोबस्त म्हटलं. या बंदोबस्तात मालगुजार गावाचे मालक झाले. राबणारा तिथंच राहिला, फक्त त्याचं राबणं आता कागदावर आलं. मालगुजारी 1951 साली गेली, पण तलावांना अजून मामा तलाव म्हणतात, मामा म्हणजे माजी मालगुजारी. खोदणाऱ्या हातांचं नाव तलावाला नाही. आणि आज पोराच्या जातीच्या दाखल्यासाठी बाप तहसीलमध्ये जातो तेव्हा तीच बंदोबस्त मिसल हुडकत बसतो. (मून स्वतः महसूल खात्यात नोकरीला होते. हा कागद त्यांच्या हाताखालून गेलेला असणार. तरी पुस्तकाला नाव देताना त्यांनी सरकारी शब्द घेतला नाही, मोहल्ल्यातला घेतला.)

आता मुख्य मुद्दा. या शब्दाला एकदाच कुणी उलटं फिरवलं असेल तर बाबासाहेबांनी. जुलै 1942 मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद झाली, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन तिथंच जन्माला आलं. त्या परिषदेनं मागणी केली ती हिंदू गावापासून वेगळ्या, स्वतंत्र वसाहतींची. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर पूर्ण आराखडाच आहे. सेटलमेंट कमिशन नेमा, सरकारची पडीक जमीन त्याच्या ताब्यात द्या, दरसाल पाच कोटी रुपये द्या. इथं वसवा म्हणणारा सरकार नाही, साहेब नाही. आम्हाला इथून उठायचंय आणि तिथं वसायचंय, असं आम्हीच म्हणतोय. कर्ता बदलला!

आणि आपल्या साहित्यानं या मागणीचं काय केलं? दया पवारांनी 1974 साली संग्रहाला 'कोंडवाडा' नाव दिलं. नेमकं दिलं, कारण कोंडवाडा म्हटला की कोंडणारा आलाच. पुढं अनुकरणवाले आले आणि त्यांच्या कवितेत वस्ती म्हणजे नुसता चिखल, गटार, कंदील, भाकर. कोंडणारा कवितेतून पसार! प्रस्थापित समीक्षकांना हे फार आवडलं. दुःख वाचायला त्यांना आवडतंच, जमिनीची मागणी वाचायला आवडत नाही. सरकारचंही तेच. दलित वस्ती सुधारायची योजना निघाली, रस्ता-नाली झाली. 2020 साली वस्त्यांची जातवाचक नावं बदलायचा निर्णय झाला. चांगलं झालं. पण पाटी बदलली तरी वस्ती गावाच्या ज्या टोकाला होती त्याच टोकाला आहे.

बेचाळीसची मागणी जुनी झाली म्हणणाऱ्यानं आपलाच जिल्हा बघावा. खैरलांजी मोहाडी तालुक्यात आहे. 29 सप्टेंबर 2006 ला तिथं एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांना मारलं. हे कुटुंब बाहेरून येऊन त्या गावात वसलेलं, शेती करणारं. त्यांना पक्कं घर बांधू दिलं नाही, झोपडीतच राहावं लागलं, असं तेव्हाच्या सत्यशोधन अहवालांत आलं आहे. वसणाऱ्याला वसू न देणं म्हणजे काय, ते यापेक्षा उघड कुठं दिसणार?

अन् आपल्या तोंडी आता हा शब्द कसा आलाय बघा. पोरगा पुण्याला सेटल झाला. नेत्यानं सेटलमेंट केली. अत्याचाराची केस आहे ना, आपसात सेटलमेंट करून टाका. ज्या शब्दात बाबासाहेबांनी जमीन मागितली, त्याच शब्दात आपण माघार घेतोय. फ्लॅट घेण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण केस 'सेटल' करणारा आणि मोर्च्यात पुढं चालणारा एकच असतो तेव्हा समीक्षकानं काय फक्त कवितेतल्या प्रतिमा तपासायच्या?

पवनीत तर सगळे अर्थ एका तालुक्यात भेटतात. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं इथं उत्खनन केलं, जगन्नाथ टेकडीखाली स्तूप निघाला. दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली मिळाली. पुरातत्त्ववाले त्याला 'प्राचीन वसाहत' म्हणतात. आपण बाहेरच्या पाहुण्याला टेकडी अभिमानानं दाखवतो, दाखवावीच. पण याच तालुक्यात 22 एप्रिल 1988 ला गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली आणि वैनगंगेच्या काठची जिवंत गावं उठली. लोक 'गाव उठलं' म्हणतात, सरकार 'पुनर्वसन' म्हणतं. त्या गावांबद्दल आपल्या अंकांत किती ओळी आल्या?

म्हणून लिहिणाऱ्या पोरांना सांगणं आहे. स्तूपावरच्या कविता पुष्कळ झाल्या. एखाद्या नव्या गावठाणात जा. जुन्या गावाचा नकाशा म्हाताऱ्यांकडून कागदावर काढून घ्या आणि नव्या नकाशाशेजारी ठेवा. बौद्ध मोहल्ला कोणत्या कोपऱ्यात होता, आता कुठं पडलाय? विहार कुणी बांधला? ज्याच्या नावावर सातबारा नव्हता त्या भूमिहीनाला, नदीवर पोट असलेल्या ढिवराला काय मिळालं? लोक त्या जागेला काय म्हणतात, वस्ती, कॉलनी की नुसतं 'पुनर्वसन'? ते ज्या शब्दात बोलतील त्याच शब्दात लिहून आणा. व्याकरण आम्ही इथं बघून घेऊ.