शार्कची कातडी आणि गाळलेला आकडा

निसर्गाची नक्कल करून माणसाने काय काय बनवले हे सांगणाऱ्या पुस्तकांत आणि प्रदर्शनांत शार्कच्या कातडीची गोष्ट हमखास असते. शार्कच्या खरखरीत अंगावर शेवाळ, जंतू बसत नाहीत. शास्त्रज्ञांनी तशीच नक्षी प्लॅस्टिकवर उठवली. आता रुग्णालयात जंतूंना थारा नाही. तीन वाक्यांत गोष्ट संपते आणि मुलांना आवडते. आम्हीही ती वर्गात सांगत आलो. मूळ प्रयोगाचे निष्कर्ष पाहिल्यावर मात्र वाटले, की यातला शिकवण्याजोगा भागच गळून गेला आहे.

सुरुवात रुग्णालयात नव्हे, जहाजांच्या बुडाशी झाली. तिथे चिकटणाऱ्या शेवाळावर अमेरिकी नौदलाला उपाय हवा होता. फ्लोरिडा विद्यापीठातील अँथनी ब्रेनन यांनी शार्कच्या खवल्यांवरून सुचलेली नक्षी सिलिकोन रबरावर उठवली. कंगोरे २ मायक्रॉन रुंद, ३ मायक्रॉन उंच आणि मधली फट २ मायक्रॉनची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शार्कचे खवले याच्या कितीतरी पट मोठे असतात, तेव्हा ‘तशीच नक्षी’ हे शब्दच चुकीचे. पुस्तकांत शार्कचे चित्र आणि रबराचा सूक्ष्मदर्शकातून घेतलेला फोटो शेजारी शेजारी छापतात, पण खाली मापाची रेघ नसते. मग मुलांनी काय समजावे?

ही नक्षी बनते कशी, हे तर कोणी सांगतच नाही. सिलिकॉनच्या चकतीवर उलटा साचा कोरायचा, त्यावर पातळ रबर ओतायचे, घट्ट झाले की सोलून काढायचे. पानाच्या रंध्रांचा ठसा घेताना आपण नेलपॉलिश लावून वाळलेला पापुद्रा सोलतो, तीच ही युक्ती. शाळेत सहज दाखवता येणारा एवढा दुवा हातचा घालवला जातो.

आता मुख्य आक्षेप. समुद्री शेवाळाचा बीजाणू सुमारे ५ मायक्रॉनचा. या नक्षीवर बीजाणू बसण्याचे प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांनी घटले. २ मायक्रॉनच्या फटीत तो मावत नाही, असे म्हटले तर निदान पटते तरी. पण जखमा चिघळवणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू जेमतेम १ मायक्रॉनचा. तो फटीत आरामात मावतो! ‘बसायला जागाच नाही’ हे स्पष्टीकरण इथे कोसळते.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात याच जंतूसाठी एकाच रबराचे दोन प्रकारचे तुकडे घेतले, गुळगुळीत आणि नक्षीचे. पदार्थ तोच, फरक फक्त आकाराचा. गुळगुळीत तुकड्यावर सातव्या दिवशी वसाहती दिसू लागल्या, चौदाव्या दिवशी चिकट थर पुरता जमला. त्या दिवशी जंतूंनी व्यापलेला भाग गुळगुळीत रबरावर ५४ टक्के, तर नक्षीवर ७ टक्के होता. जंतू फटींत बसले होतेच. पण मधल्या कंगोऱ्यांमुळे त्यांच्या छोट्या पुंजक्यांना पसरून मोठी वसाहत करता येईना. म्हणजे अडवले गेले ते बसणे नव्हे, वाढत जाणे. आणि एकविसाव्या दिवशी नक्षीवरही वसाहतीची सुरुवात दिसू लागली.

हा शेवटचा आकडा कोणत्याच लोकप्रिय लेखात आमच्या पाहण्यात आला नाही. औषध न वापरता, केवळ आकाराने जंतूंना इतके दिवस थोपवणे ही काही लहान गोष्ट नव्हे. शरीरात नळी घातलेल्या रुग्णासाठी एकेक दिवस मोलाचा असतो. पण थोपवणे आणि थारा न देणे यांत फरक आहे. शिवाय हा प्रयोग प्रयोगशाळेतील पोषक द्रवात झाला. शरीरात घातलेल्या नळीवर थोड्याच वेळात प्रथिनांचा लेप बसतो. त्याखाली कंगोऱ्यांचे काय होते हा वेगळा प्रश्न आहे.

आम्ही आता वर्गात शार्क मागाहून आणतो. आधी फळ्यावर दोन आकडे लिहितो, फट २ आणि जंतू १, आणि विचारतो, मग अडले कुठे?