दर्शन आणि परीक्षण : सातारा-सांगली परिसरातील संग्रहालये, ऐतिहासिक स्थळे आणि उन्हाळी प्रवासी

१

चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा भरतात, शाळांना सुटी लागते आणि मुंबई-पुण्यास स्थायिक झालेली सातारा-सांगलीकडील कुटुंबे आपापल्या गावी येतात. ह्या दोन महिन्यांत परिसरातील किल्ले, घाट, वाडे आणि वस्तुसंग्रहालये ह्यांकडे जी पावले वळतात, त्यांच्यामागे अभ्यासाचा हेतू क्वचितच असतो. तथापि सामान्य मनुष्याचा इतिहासाच्या साधनांशी प्रत्यक्ष संबंध जो काही येतो, तो बहुशः ह्याच प्रसंगी येतो. म्हणून अशा स्थळी त्याच्यापुढे काय आणि कोणत्या रीतीने मांडले जाते, हा प्रश्न केवळ प्रवासाच्या सोयीगैरसोयीचा नाही. तो इतिहासविद्येचाही आहे. प्रस्तुत लेखात त्याचा त्याच दृष्टीने विचार केला आहे.

सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांचा विचार एकत्र करणे सयुक्तिक आहे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि आसपासच्या विलीन संस्थानांचा मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. इतिहास घडला त्या काळी ही सीमा अस्तित्वात नव्हती.

ऐतिहासिक वस्तूकडे पाहण्याच्या दोन वृत्ती संभवतात. एक दर्शनाची व दुसरी परीक्षणाची. पहिली वृत्ती ‘ही वस्तू कोणाची?’ असे विचारते आणि उत्तर मिळताच हात जोडते. दुसरी ‘हे कशावरून?’ असे विचारते आणि उत्तरासाठी कागद, कोरीव अक्षरे व भूमी ह्यांच्याकडे वळते. ह्यांपैकी कोणतीही वृत्ती त्याज्य नाही. ज्या समाजास आपल्या पूर्वजांविषयी आदर नाही, तो त्यांच्याविषयी शोधही करीत नाही. परंतु दर्शनावरच सारी व्यवस्था थांबली, तर काय होते, हे ह्या परिसरातील काही उदाहरणांवरून पाहता येते.

२

लंडन येथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात काही महिन्यांसाठी ठेवण्यात आली. त्या निमित्ताने साताऱ्याच्या संग्रहालयाकडे सर्व महाराष्ट्राचे लक्ष वेधले गेले, ही गोष्ट स्वागतार्हच होय. परंतु लोकांच्या मुखी ती ‘शिवरायांची वाघनखे’ म्हणूनच राहिली. अफझलखानाच्या प्रसंगी वापरलेली वाघनखे हीच, हे पडताळून पाहता आलेले नाही, असे ज्या संग्रहालयाच्या मालकीची ती वस्तू आहे, त्या संग्रहालयाचे स्वतःचे म्हणणे आहे.

ह्या वस्तूचा आधार म्हणजे तिच्यासोबतच्या पेटीवरील इंग्रजी मजकूर. शिवाजी महाराजांनी मोगल सेनापतीस ज्या शस्त्राने मारले ते हे शस्त्र असून, पेशव्यांच्या मुख्य प्रधानाने ते साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ ह्यांस दिले, असा त्याचा आशय आहे. हा मजकूर बारकाईने पाहिल्यास दोन गोष्टी दृष्टोत्पत्तीस येतात. अफझलखान हा मोगलांचा नव्हे, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. तेव्हा लेखकास प्रसंगाची नीट माहिती नव्हती. शिवाय सातारा ही छत्रपतींची गादी. पेशव्यांची सत्ता १८१८ मध्ये संपुष्टात आली आणि ग्रँट डफ त्याच वर्षी साताऱ्यास आले. पेशव्यांच्या प्रधानापाशी ही वस्तू कशी आली व त्याने ती केव्हा दिली, ह्याचा उलगडा पेटी करीत नाही. १६५९ ते १८१८ ह्या सुमारे १६० वर्षांच्या अवधीतील एकही दुवा तिच्यावर नोंदलेला नाही.

ह्यावरून वस्तू खोटी ठरत नाही. तिची साक्ष अपुरी आहे, एवढेच ठरते. खरा आक्षेप वस्तूवर नाही, मांडणीच्या वृत्तीवर आहे. पेटीवरील मजकूर, त्यातील चूक आणि मधल्या १६० वर्षांचा खंड ह्या तिन्ही गोष्टी प्रेक्षकापुढे ठळकपणे आल्या असत्या, तर एखाद्या शाळकरी मुलासही इतिहास कसा पारखावा, ह्याचा पाठ तेथेच मिळाला असता. पुढील उन्हाळ्यात साताऱ्यास येणाऱ्या प्रवाशास ती वाघनखे तेथे दिसली नाहीत. पूज्य वस्तू निघून गेली की दर्शन संपते. विचारण्याची सवय लागली असती, तर ती मात्र राहिली असती.

३

जी साक्ष वाघनखांपाशी नाही, ती पुष्कळ अंशी प्रतापगडाच्या भूमीपाशी आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाचे जे १२ किल्ले समाविष्ट झाले, त्यांत सातारा जिल्ह्यातील प्रतापगड आहे. महाबळेश्वरी हवापालटासाठी येणारा प्रवासी सहसा येथे येतोच. तटावर उभे राहून जावळीचे खोरे पाहिले, म्हणजे मोठ्या फौजेस ह्या अरुंद, दाट रानाच्या मुलखात ओढून आणण्यात कोणता हेतू होता, हे वेगळे सांगावे लागत नाही. पावसाळ्यात हाच गड ढगांत लपलेला असतो. येथे प्रवाशास वस्तूपेक्षा स्थळ दाखविणे अगत्याचे आहे.

वाईजवळील मेणवलीच्या घाटावरची घंटा हे आणखी उद्बोधक उदाहरण होय. नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेवर जो घाट आहे, तेथे ही घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाल येशूसह मेरीची आकृती आणि १७०७ हे वर्ष आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधील ज्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या त्यांपैकी ही एक, अशी परंपरा आहे. भीमाशंकर येथील घंटेविषयीही असेच सांगतात. येथे आकृती व सन हा पुरावा धातूवरच कोरलेला असल्याने घंटा ख्रिस्ती उपासनामंदिरातील, हे निश्चित होते. परंतु नाना फडणविसांचा जन्म १७४२ चा, म्हणजे वसईच्या विजयानंतरचा. तेव्हा घंटा वसईहून सरळ त्यांच्याकडे येणे शक्य नव्हते. मध्ये कोणाचे तरी हात असले पाहिजेत. परंपरा जेथे थांबते तेथे संशोधनाचे काम सुरू होते, हे घाटावर उभे असतानाच एखाद्यास दाखवून देता येईल. त्यासाठी काचेच्या कपाटाचीही आवश्यकता नाही.

ह्या दृष्टीने साताऱ्यानजीकच्या लिंब गावातील बारामोटेची विहीर सर्वांत भाग्यवान म्हटली पाहिजे. शाहूकालीन विरूबाई भोसले ह्यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ ह्या काळात ती बांधविली, असे तेथील शिलालेखावरून समजते. कोणी, केव्हा, ह्या प्रश्नांची उत्तरे दगडातच आहेत. कसे, ह्या प्रश्नाचे उत्तर बांधणीत आहे. अष्टकोनी विहीर, तिला जोडलेली दुसरी लहान विहीर, मधल्या भागातील शीतल दालन आणि वर मोटा लावण्याच्या जागा हे सर्व जागच्या जागी आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेले, म्हणजे बांधकामाचा अधिक भाग उघडा पडतो आणि भर दुपारी त्या दालनातील गारवा अंगास जाणवतो. परंतु मोट चालत असे ती कशी, हे आजच्या तरुणास ठाऊक नसते. बैल धावेवरून उतरत जात, नाड्याने भरलेली मोट वर येई, सोंदूर सैल होताच तिचे तोंड थारोळ्यात मोकळे होई आणि पाणी पाटाने रानात जाई, एवढे चार ओळींत व एका रेखाचित्रात सांगितले, तरी ती विहीर पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुन्हा चालू लागेल. ह्याच्या अभावी प्रेक्षक तिला ‘पाण्यातला राजवाडा’ समजून कौतुक करतो आणि तिच्या मूळ कार्यास मुकतो.

४

स्थळ, वस्तू आणि कागद ह्यांची फारकत ह्या परिसरात कशी झाली, ह्याचाही विचार केला पाहिजे. मराठ्यांच्या इतिहाससंशोधनाचा पाया ज्या गावांतील दप्तरांवर उभारला गेला, त्यांत ह्या परिसराचा वाटा मोठा आहे. वि. का. राजवाडे ह्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्याचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो वाईस मिळालेल्या कागदपत्रांच्या आधारे. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे ह्यांनी शाळेतील अध्यापन करीत पटवर्धनी दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड सिद्ध केले. साताऱ्यास द. ब. पारसनीस ह्यांनी आयुष्यभर जमविलेल्या कागदांचे, चित्रांचे व वस्तूंचे संग्रहालय १९२५ मध्ये उभे राहिले. पुढच्याच वर्षी पारसनिसांचे निधन झाले आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नेण्यात आला.

ह्या स्थलांतरास दोष देणे उचित होणार नाही. पुण्यास अभ्यासकांची सोय झाली आणि संग्रह विस्कळीत होण्यापासून वाचला. परंतु त्याची दुसरी बाजूही आहे. ज्या गावाने पुरावा जमविला, त्या गावात पुराव्याच्या परंपरेची खूण उरली नाही. साताऱ्याच्या प्रवाशास तलवारी दिसतात. पण १९२५ साली ह्याच नगरीत कागदांना तलवारींइतकेच मोल देणारे संग्रहालय होते, हे त्यास कळत नाही. अस्सल कागद पुण्यास सुरक्षित राहोत. त्यांतील निवडक पत्रांच्या छायाप्रती, मोडीचे बालबोध लिप्यंतर आणि सुबोध अर्थ ही साताऱ्यास, वाईस व मिरजेस लावण्यास आज काहीच अडचण नाही. इतिहाससंशोधक हा देखील स्थानिक इतिहासाचा विषय आहे, ह्याचा संग्रहालयांस विसर पडू नये.

५

औंधचे श्री भवानी वस्तुसंग्रहालय ह्याहून भिन्न कोटीतले आहे. १९३८ मध्ये ते स्थापणारे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. अजिंठ्याच्या चित्रांवरील त्यांचे पुस्तक १९३२ चे आहे. रविवर्म्याची ‘सैरंध्री’ आणि हेन्री मूर ह्या इंग्रज शिल्पकाराचे माता व बालकाचे शिल्प खटाव तालुक्यातील एका लहान गावात पाहावयास मिळावे, ह्याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. येथे वस्तूंची निवड एका रसिक मनाने केलेली असल्याने संग्रहास एकात्मता आली आहे. संग्रहालय म्हणून परिसरात त्यास तोड नाही.

तरीही एक उणीव राहते आणि ती चित्रांची नव्हे. संग्रहालय उभारणाऱ्या ह्याच राजाने १९३९ मध्ये प्रजेच्या हाती सत्ता देणारी घटना अमलात आणली. त्याच काळात मॉरिस फ्रीडमन ह्यांच्या प्रेरणेने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत स्थापन झाली, व्ही. शांताराम ह्यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ ह्या १९५७ च्या चित्रपटास तीच प्रेरक ठरली. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसविलेली किर्लोस्करवाडी औंध संस्थानातच होती आणि प्रतिसरकारच्या चळवळीचे केंद्र झालेले कुंडलही. आटपाडी, किर्लोस्करवाडी व कुंडल ही तिन्ही आज सांगली जिल्ह्यात आहेत, औंध मात्र साताऱ्यात. जिल्ह्याजिल्ह्याची प्रेक्षणीय स्थळे वेगळाली सांगण्याच्या रूढीमुळे प्रवाशास औंधात एक कलासक्त राजा तेवढा भेटतो; कैद्यावर आणि प्रजेवर विश्वास टाकणारा राजा त्यास भेटतच नाही. एखादा साधा नकाशा संग्रहालयाच्या प्रवेशद्वारी असला, तरी हे तुटलेले सूत्र जुळेल.

सांगलीच्या बाबतीत अडचण आणखी निराळी आहे. ज्या कार्यामुळे सांगलीस नाट्यपंढरी म्हणतात, ते विष्णुदास भावे ह्यांचे ‘सीतास्वयंवर’ १८४३ मध्ये चिंतामणराव पटवर्धन ह्यांच्या आश्रयाने झाले. पण प्रयोग कपाटात ठेवता येत नाही. मिरजेचे खरे संग्रहालय तेथील तंतुवाद्यांची गल्लीच होय. भोपळा निवडण्यापासून जवारी लावण्यापर्यंतचे काम तेथे आजही हातांनी होते, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा ठिकाणी पुरावा म्हणजे कारागिराचा हात. त्याच्या कामाच्या वेळेचा मान राखून तो प्रवाशास पाहू देणे, हेच तेथील संग्रहालयशास्त्र.

६

ह्या सर्व प्रतिपादनावर एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. सुटीत मुलाबाळांसह आलेल्या, उन्हाने शिणलेल्या मनुष्यास पुराव्यांची चर्चा कशाला हवी? त्याला अभिमान वाटला म्हणजे पुरे. ह्या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. तथापि त्यात सामान्य वाचकाच्या बुद्धीविषयी नकळत अनादर आहे. लिंबच्या विहिरीत उतरलेले मूल ‘बैल कुठून चालायचे?’ असे आपण होऊन विचारते. मेणवलीच्या घंटेवरील आकृती पाहून ‘ही येथे कशी?’ असा प्रश्न कोणासही पडतो. जिज्ञासा तेथे असतेच. तिला उत्तर देणारा फलक नसतो.

शिवाय उन्हाळा हा ह्या परिसरात इतिहास वाचण्याचा प्रतिकूल काळ नव्हे. महाबळेश्वरी वर्षास ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात ५०० मिलिमीटरांच्या आसपास. हा भेद चैत्र-वैशाखात जितका उघड दिसतो तितका अन्य काळी दिसत नाही. आणि विहिरी, घाट, जाड भिंतींचे वाडे व चौक ही सारी त्या भेदाचीच उत्तरे आहेत. औरंगजेबाने डिसेंबर १६९९ पासून घातलेला साताऱ्याच्या किल्ल्याचा वेढा एप्रिल १७०० मध्ये संपला. एप्रिलच्या उन्हात अजिंक्यतारा चढणारास वेढ्यातील माणसांच्या तहानेची कल्पना पुस्तकाहून लवकर येते.

तेव्हा अपेक्षा मोठ्या खर्चाची नाही. प्रत्येक वस्तूपाशी व स्थळापाशी तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : ही येथे कोठून व केव्हा आली, तिच्याविषयी जे सांगतात ते कोणत्या आधारावर, आणि तो आधार आज कोठे पाहावयास मिळेल. जेथे आधार नाही तेथे ‘अशी परंपरा आहे’ एवढे स्पष्ट लिहावे. त्याने कोणाच्याही थोरवीस बाध येत नाही. राजवाडे, खरे आणि पारसनीस ह्यांनी ज्या भूमीत दप्तरे धुंडाळली, तेथे येणाऱ्या प्रवाशास निदान इतके तरी मिळणे न्याय्य होय.