अगस्तीच्या अंगणातलं पाणी

पुस्तकाचं परीक्षण लिहायला विद्वत्ता लागते, असा माझा बरीच वर्षं समज होता. तो माझ्या मामीने दूर केला. मामीला वाचता येत नाही, पण ते पुढे येईलच.

झालं काय, दिवाळीला पुण्याचा पुतण्या बुलढाण्याला आला आणि जाताना विटेएवढं जाड एक इंग्रजी पुस्तक माझ्या हातात ठेवून गेला. "काका, वाचाच तुम्ही. अख्खा ग्रहच्या ग्रह वाळवंट आहे!" ज्याने बालपणीचे सगळे मे महिने घाटाखाली आजोळी काढले, त्याला वाळवंटाचं आमिष दाखवणारा हा पहिलाच प्राणी!

पुस्तक होतं फ्रँक हर्बर्टचं 'ड्यून', 1965 सालचं. वीसेक प्रकाशकांनी ते साभार परत केलं आणि शेवटी मोटारदुरुस्तीची पुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीने छापलं म्हणे. पुढे ते अफाट खपलं, त्यावर 1984, 2021 आणि 2024 साली सिनेमेही आले. तेव्हा नवोदित लेखकांनी धीर सोडू नये. गॅरेजवाल्यांकडेही एकदा चौकशी करावी.

कथा घडते अराकिस नावाच्या ग्रहावर. हा कॅनोपस ताऱ्याचा तिसरा ग्रह. हा कॅनोपस कोण, म्हणून कोश उघडला आणि ताडकन उठून बसलो. अहो, हा तर आपला अगस्ती! माघ-फाल्गुनात रात्री जेवून अंगणात आलं की दक्षिणेला, व्याधाच्या बराच खाली दिसतो तो. आमच्या बुलढाण्याहून फार तर सतरा अंश वर चढतो. हर्बर्टसाहेब जन्मले अमेरिकेतल्या टकोमा गावी. तिथून हा तारा वर्षातल्या कुठल्याच रात्री दिसत नाही. म्हणजे मुलगी न पाहताच लग्न ठरवण्यापैकी प्रकार.

पण योग कसा जुळला पाहा. अगस्ती म्हणजे ज्याने अख्खा समुद्र पिऊन टाकला तो ऋषी. त्याच्या अंगणातल्या ग्रहावर पाण्याचा थेंब नाही! पुस्तकात ऋषींचं नाव कुठे नाही, पण आमच्याकडच्या कुठल्याही कीर्तनकाराने ग्रह कोरडा का, हे दोन मिनिटांत सांगितलं असतं.

आता दोष. समीक्षकाने आधी दोष दाखवावेत, त्याशिवाय त्याला कोणी खुर्ची देत नाही. पहिला दोष ताऱ्याचा. अगस्ती आपल्या सूर्याच्या सुमारे दहा हजार पट तेजस्वी. त्याच्यापाशी माणूस जगायचा तर ग्रह इतका लांब ठेवावा लागेल, की तिथलं एक वर्ष आपल्या दोन-तीनशे वर्षांचं भरेल. जावयाचा पहिला दिवाळसण होईपर्यंत सासुरवाडीच्या सात पिढ्या संपायच्या! शिवाय असले दांडगे तारे काही कोटी वर्षांत आटोपतात. आपली पृथ्वी साडेचारशे कोटी वर्षांची आहे. जीवसृष्टीला तेवढी सवड नको का?

दुसरा दोष मला जास्त खटकला. या काल्पनिक ग्रहमालांमध्ये एका ग्रहाला एकच हवा असते. एक ग्रह सगळा वाळूचा, दुसरा सगळा बर्फाचा, तिसरा सगळा जंगलाचा. अराकिसच्या ध्रुवांवर चिमूटभर बर्फ आहे, पण ते चवीपुरतं. आता आमचा जिल्हा घ्या. राजूर घाट उतरून मलकापूरकडे निघा. घाटावर अंगावर घेतलेली शाल घाटाखाली घाम पुसायला लागते. लोणारचं सरोवर पाहा. आकाशातून धोंडा पडून झालेला जेमतेम पावणेदोन किलोमीटरचा खड्डा. तळाशी खारं पाणी, काठावर गोड पाण्याची बारमाही धार. एका खड्ड्यात दोन पाणी आणि एका ग्रहावर एकच हवा? लेखकाने आळस केला, असं मी वहीत लिहून ठेवलं.

ती वही घेऊनच मी आजोळी गेलो. आजोळ पूर्णेच्या खोऱ्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. मामी ओसरीवर वाती वळत होती. मी तिला ग्रहाची गोष्ट सांगितली. माणसं घाम, श्वास, सगळं गाळून पुन्हा पिता येईल असा पोशाख घालतात. समोरच्यापुढे थुंकणं हा तिथे मान, कारण आपलं पाणी त्याला दिलं. (आमच्या एसटी स्टँडवरचे कित्येक लोक तिथे सरदार झाले असते.)

मामीने वात वळता वळता विचारलं, "मंग तिथलं पानी कसं हाये? गोडं का खारं?"

मी गप्प! सहाशे पानांत हा प्रश्न मला पडला नव्हता. 'पाणी किती' हा प्रश्न पुस्तक वाचणाऱ्याचा, 'पाणी कसं' हा पिणाऱ्याचा.

म्हटलं, "मामी, त्या लोकांना पाणी आणून ग्रह हिरवा करायचाय. पण तिथे वाळूत मोठमोठे किडे आहेत. त्यांच्यामुळे एक मसाला होतो आणि सगळं राज्य त्यावर चालतं. पाणी लागलं की ते किडे मरतात."

मामीचा हात थांबला. "बराबर हाये. पानी सोडलं का झालं का? आमच्या वावरात नाई सोडलं?"

मला एकदम आठवलं. मामाने कर्ज काढून वावरात विहीर खणली होती. पाणी लागलं तेव्हा पेढे वाटले. पाणी खारं. तरी तीन वर्षं पिकाला दिलं, आणि जमीन चोपण झाली. पावसात चिखल, उन्हात दगड. हिरवं करायला गेलेल्या माणसाचं होतं तेही काळं वावर गेलं. तेच खारं पाणी घरातही पीत होते सगळे. पुढे मामाची किडनी गेली, मग मामा गेला.

पुस्तकात एक प्रसंग आहे. नायक एका मेलेल्या माणसासाठी रडतो, आणि भोवतीची माणसं थक्क होऊन म्हणतात, हा मेलेल्याला पाणी देतोय! पुण्यात एवढ्या जागेवर पुतण्याने पेन्सिलीने नुसती एक रेघ मारली होती. मी तो प्रसंग मामीला सांगितला नाही. सांगायची गरजही नव्हती. मामाच्या वेळी मी तिथे होतो.

वहीतले दोष मी खोडलेले नाहीत. तारा चुकलाय, हवा एकसुरी आहे, ते तसंच राहू दे. पण खाली मामीचा अभिप्राय जोडला आहे.

"लिवनाऱ्यानं कवातरी पानी वाह्यलं असन."

हर्बर्टने पाणी वाहिलं की नाही, देव जाणे. 1957 साली तो ओरेगॉनच्या किनाऱ्यावर गवत लावून वाळू रोखायचा सरकारी प्रयोग पाहायला गेला होता, तिथून हे पुस्तक उगवलं. पण मामीचं प्रशस्तिपत्र सोपं नव्हे. आता आजोळी धरणाच्या पाण्याचा नळ आलाय, तरी तांब्या भरला की मामी आधी एक घोट चाखते, मगच पाहुण्याला देते.

त्या दिवशी माझ्या तांब्यातलाही चाखला. मग म्हणाली, "घे. गोडं हाये."