हौशी वाचकाचा अभिप्राय : आवडणे, जमणे आणि पटणे

मराठी समीक्षेने वाचकाचा विचार केला नाही असे नाही. परंतु ज्या वाचकाचा तिने विचार केला तो बहुधा रसिक, सहृदय अथवा अभ्यासक वाचक होय. ज्याच्या कपाटात पाकक्रियेचे पुस्तक, विणकामाची मार्गदर्शिका आणि अद्भुत कादंबरी ही तिन्ही शेजारी शेजारी असतात, जो तिन्ही सारख्याच आस्थेने वाचतो आणि तिन्हींविषयी नि:संकोचपणे मत देतो, अशा हौशी वाचकाची दखल घेण्याचे कारण तिला सहसा भासलेले नाही. त्याचे मत म्हणजे केवळ आवडनिवड, आणि आवडनिवडीविषयी वाद संभवत नाही, एवढे म्हणून हा प्रश्न बाजूला सारला जातो. ही समजूत कितपत ग्राह्य आहे ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम 'हौशी' हा शब्दच पाहण्यासारखा आहे. मूळ अरबी 'हवस' फार्सीच्या मार्गाने भारतीय भाषांत आला. हिंदी-उर्दूत त्याला वासनेचा, लोभाचा दुर्गंध चिकटला. मराठीत मात्र 'हौस' निर्मळ राहिली. हौस भागविली जाते, पुरविली जाते, हौसेला मोल नसते. तथापि ह्या निर्मळपणातच एक अवहेलनाही दडलेली आहे. हौशी नट म्हणजे धंदेवाईक नव्हे असा नट, आणि हौशी वाचक म्हणजे ज्याच्या वाचनाला शिस्त नाही असा वाचक, असा अर्थ आपण नकळत गृहीत धरतो. हे गृहीतक तपासण्याचा सर्वात सरळ मार्ग म्हणजे हा वाचक आपले मत कोणत्या क्रियापदांनी व्यक्त करतो ते पाहणे.

ती क्रियापदे मुख्यत: तीन आहेत : आवडणे, जमणे आणि पटणे. 'पुस्तक आवडले', 'लाडू जमले', 'शेवट पटला नाही.' व्याकरणदृष्ट्या तिन्हींची ठेवण एकच दिसते. अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत येते ('मला आवडले', 'मला जमले', 'मला पटले') आणि जणू तिच्या इच्छेवाचून क्रिया तिच्या ठायी घडते. ह्या बाह्य साम्यामुळेच तिन्ही विधाने एकाच जातीची, म्हणजे केवळ वैयक्तिक, आहेत असा भास होतो. परंतु ह्यांपैकी प्रत्येकीला 'का?' असा प्रश्न विचारून पाहावा. 'का आवडले?' ह्याला उत्तर नसले तरी चालते. 'का पटले नाही?' ह्याला कारण द्यावे लागते. कारण नसेल तर ते न पटणे हट्ट ठरते. 'का जमले नाही?' ह्याला तर शोधच घ्यावा लागतो : दोष पुस्तकाचा, सामग्रीचा की करणाराचा, हे पुन्हा करून पाहिल्यावाचून ठरत नाही. म्हणजे एक विधान रुचीचे, दुसरे युक्तिवादाचे आणि तिसरे प्रयोगाचे आहे. हौशी वाचक ही तिन्ही क्रियापदे यथायोग्य ठिकाणी वापरतो. त्यांची सरमिसळ करणारी समीक्षाच होय.

पाकपुस्तकाचा अभिप्राय हा 'जमण्या'चा अभिप्राय असल्यामुळे त्या ग्रंथप्रकाराची भाषाही त्याच कसोटीने तपासली पाहिजे. मराठीत ह्या ग्रंथांची परंपरा लहान नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये निघाले. लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० मधील. आणि कमलाबाई ओगले ह्यांची 'रुचिरा' १९७० मधील. ह्या परंपरेची रूढ भाषा विध्यर्थाची आहे : डाळ भिजवावी, कांदा चिरावा, बटाटे सोलावे. विध्यर्थी '-आवा' प्रत्ययाचे रूप सकर्मक धातूच्या बाबतीत कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते आणि कर्ता सहज लोप पावतो. 'डाळ भिजवावी' ह्या वाक्यात डाळ आहे, भिजविणे आहे; भिजविणारी नाही. आज्ञार्थात ('डाळ भिजवा') सांगणारा आणि ऐकणारा समोरासमोर उभे राहतात. विध्यर्थात दोघेही बाजूस होतात आणि पदार्थ तेवढा उरतो. स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या स्त्रीचा हा व्याकरणिक लोप कोणास अन्यायाचा वाटेल; परंतु त्यामुळेच ते वाक्य कोणाचेही होऊ शकते हेही विसरता येत नाही.

ह्याहून सूक्ष्म गोष्ट संयुक्त क्रियापदांची. 'डाळ भिजवावी', 'डाळ भिजवून घ्यावी' आणि 'डाळ भिजवून ठेवावी' ह्या तीन वाक्यांत कृती एकच असली तरी तिचे काळाशी असलेले नाते निराळे आहे. 'घेणे' हे पुढील कृतीची पूर्वतयारी सुचविते. 'ठेवणे' हे मधल्या अवकाशाचे, वाट पाहण्याचे सूचन करते. जो लेखक 'भिजवून ठेवावी' असे म्हणावयाच्या जागी नुसते 'भिजवावी' म्हणतो, तो वाचकाचे चार तास हिरावून घेतो. त्याचप्रमाणे 'मोहरी तडतडल्यावर', 'कांदा गुलाबी होईपर्यंत', 'तेल सुटू लागताच' ही कृदन्ते घड्याळाचे काम करतात, आणि ते घड्याळापेक्षा चोख करतात. कारण विस्तवाची आच घरोघर निराळी असली तरी मोहरीचे तडतडणे सर्वत्र तेच असते. एकतारी पाकाची कसोटी तर्जनी आणि अंगठा ह्यांच्यामध्ये निघणाऱ्या एका तारेवर अवलंबून असते. पाक त्यापुढे गेला तर रव्याचे लाडू कडक होतात. अलीकडे राहिला तर वळत नाहीत. 'एकतारी' ह्या एका विशेषणात एक प्रयोग साठविलेला आहे. 'लाडू जमले नाहीत' असा अभिप्राय देणारा हौशी वाचक वस्तुत: त्या विशेषणाच्या अर्थाविषयी बोलत असतो.

परिमाणांचा प्रश्न ह्याच जातीचा आहे. १९५६ च्या कायद्याने भारतात मेट्रिक मापे स्वीकारली गेली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने प्रचारात आली. त्यापूर्वीच्या पुस्तकांतील शेर, पावशेर, तोळा ही मापे आजच्या वाचकाला परकी झाली आहेत. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. परंतु शेर हे वजनाचेही माप होते आणि धान्य मोजण्याचेही, चार शेरांची पायली होई. तेव्हा जुन्या पुस्तकातील 'एक शेर' वाचताना तो कोणता शेर, हे संदर्भावरून ठरवावे लागते. 'रुचिरा'ने वाटी आणि चमचा ही घरगुती मापे वापरली, आणि तिच्या लोकप्रियतेचे एक कारण हेच सांगितले जाते. वाटीचे माप अनिश्चित असल्याचा आक्षेप शास्त्रीय वाटला तरी पुरतेपणी खरा नाही. वाटी लहान असो वा मोठी, तीच वाटी सर्व जिन्नसांना वापरली तर प्रमाण बिघडत नाही. बिघाड होतो तो वाटी आणि चमचा ह्यांची सांगड घालताना. कारण घरातील वाटी वाढली म्हणून चमचा वाढत नाही. मोठ्या वाटीच्या घरात पदार्थ अळणी होतो आणि लहान वाटीच्या घरात खारट. 'पीठ-पाणी बरोबर, मीठ चुकले' अशी तक्रार करणारा वाचक पुस्तकातील नेमक्या सांध्यावर बोट ठेवतो. हे टीकेचेच काम आहे, रुचीचे नव्हे.

हस्तकलेच्या मार्गदर्शिकांत भाषेची जबाबदारी आणखी वाढते. कारण तेथे जिभेची साक्ष उपलब्ध नसते. सुलट आणि उलट ह्या दोनच टाक्यांवर विणकामाची सारी लिपी उभी आहे, आणि साखळी, खांब, मुका खांब ह्या क्रोशाच्या संज्ञा मराठी स्त्रियांनी किती डोळसपणे घडविल्या ते पाहण्यासारखे आहे : जो टाका वर उंच उभा राहतो तो खांब, आणि जो जवळजवळ दिसतच नाही तो मुका. ह्या संज्ञा वस्तूच्या रूपावरून पडलेल्या असल्यामुळे त्यांत गोंधळास वाव कमी. इंग्रजी पुस्तकांत स्थिती निराळी आहे. 'डबल क्रोशे' ह्या एकाच नावाने ब्रिटिश पुस्तकात एक टाका ओळखला जातो आणि अमेरिकन पुस्तकात दुसराच, त्याहून उंच. सुयांचे क्रमांकही असेच फसवे. जुन्या ब्रिटिश पद्धतीत आकडा वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन पद्धतीत जाड. 'आठ क्रमांकाची सुई' म्हणजे एकीकडे ४ मिलिमीटर, दुसरीकडे ५. ज्याने अशा पुस्तकावरून विणलेला स्वेटर तीन वेळा उसविला आहे, त्याला पुस्तकाच्या प्रकाशनस्थळाचे महत्त्व ग्रंथसूचिकारापेक्षा अधिक चांगले कळलेले असते.

आता अद्भुत कादंबरीकडे वळावयाचे. येथे 'जमणे' संपते आणि 'पटणे' सुरू होते. अद्भुताविषयीचा संकोच मराठी कादंबरीला जन्मापासून आहे. १८६१ मध्ये हळबे ह्यांची 'मुक्तामाला' आली. १८६८ मध्ये रिसबूड ह्यांची 'मंजुघोषा'. रिसबूड ह्यांनी प्रस्तावनेत अद्भुताचे समर्थन केले ते अशा आशयाचे, की आपल्या लोकांच्या नित्याच्या जीवनात मनोरंजक असे काही घडत नसल्यामुळे मनोरंजन करू इच्छिणाऱ्याला अद्भुताचाच आश्रय करणे भाग पडते. पुढे १८७२ मध्ये काशीनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांच्या 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंधा'ने ह्या वाङ्मयप्रकाराची चर्चा सुरू केली, आणि हरिभाऊ आपट्यांच्या उदयानंतर वास्तव हाच कादंबरीचा धर्म ठरला. 'अद्भुतरम्य' हे विशेषण त्यानंतर बहुधा वाङ्मयेतिहासातील एका ओलांडलेल्या टप्प्याचे नाव म्हणूनच उरले.

अद्भुताचे ह्याहून समर्थ समर्थन एका भाषाशास्त्रज्ञाने केले हा योगायोग नव्हे. ऑक्सफर्डचे भाषाभ्यासक टोल्किन ह्यांनी १९३९ मधील व्याख्यानात, जे १९४७ मध्ये निबंधरूपाने प्रसिद्ध झाले, असे प्रतिपादिले की 'हिरवा सूर्य' असे शब्द कोणीही जुळवू शकेल. ज्या जगात तो हिरवा सूर्य विश्वसनीय वाटेल ते जग रचणे हेच खरे श्रमाचे काम. विशेषण नामापासून सुटे करता येते, ह्या भाषेच्या सामर्थ्यातूनच अद्भुत जन्मास येते, हे त्यामागील मर्म. १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या महाकादंबरीत हे तत्त्व आचरणात उतरलेले आहे. तेथील माणसांची आणि स्थळांची नावे त्यांनी रचलेल्या भाषांच्या ध्वनिनियमांना धरून आहेत. सामान्य वाचकाला ते नियम ठाऊक नसतात. पण नावे एकाच मुशीतून निघालेली आहेत हे त्याच्या कानाला कळते, आणि तेथेच 'पटणे' घडते.

मराठी अनुवादकापुढे येथे एक खास अडचण उभी राहते. आपली भाषा अद्भुताच्या शब्दांनी रिकामी नाही, उलट भरलेली आहे. 'राक्षस' म्हटले की रावणाचे कुळ आले, 'यक्ष' म्हटले की कुबेराची अलका, 'वेताळ' म्हटले की विक्रमाचा खांदा. परक्या कथेतील प्राण्याला ह्यांपैकी एखादे नाव दिले की त्याच्याबरोबर सारे पुराण कथेत शिरते. क्वचित मात्र असे नाव अगदी नेमके बसते. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाच्या मराठी शीर्षकात 'परीस' हा शब्द आला आहे. लोखंडाचे सोने करणारा दगड ही कल्पना दोन्ही परंपरांत असल्यामुळे तो शब्द अनुवादित वाटतच नाही. हौशी वाचक जेव्हा 'नावे पटली नाहीत' असे म्हणतो, तेव्हा तो ह्याच प्रश्नाचा निकाल देत असतो. आणि तो निकाल पुष्कळदा समीक्षकाच्या निकालापेक्षा अचूक असतो.

ह्याचा अर्थ हौशी वाचक चुकत नाही असा नव्हे. त्याची एक चूक विशेष उल्लेखनीय आहे. पाककृतीची कसोटी तो अधूनमधून कादंबरीस लावतो. जादूचे नियम प्रमाणाबरहुकूम आहेत काय, कारणाला कार्य जुळते काय, एवढे तपासून तो कादंबरी 'जमली' असे म्हणतो. अंतर्गत सुसंगती ही पटण्याची आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. लाडू वळला की पाकाचे काम संपते, परंतु कथा वळल्यावर तिचे काम सुरू होते. उलटपक्षी, पाकपुस्तकाला तो कधी नुसत्या 'आवडण्या'ची कसोटी लावतो. गुळगुळीत कागद आणि रंगीत छायाचित्रे पाहून संतुष्ट होतो, आणि त्यातील एकही पदार्थ करून पाहत नाही. अशा वेळी तो हौशीही उरत नाही, केवळ ग्राहक होतो. क्रियापदांची अदलाबदल हाच त्याचा दोष. आणि त्या दोषाची जाणीव करून देणे हे समीक्षेचे खरे कर्तव्य.

शेवटी एका हानीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. हौशी वाचकाचे अभिप्राय छापले गेले नाहीत तरी लिहिले गेले आहेत. ते पाकपुस्तकांच्या समासांत आहेत. 'साखर पाऊण पुरे', 'आच मंद हवी', 'दोनदा केले, छान' अशा पेन्सिलीच्या नोंदी, तेलाचे डाग, मुडपलेली पाने, ह्यांत तीन-तीन पिढ्यांचे वाचन साठलेले असते. त्यांत परतणे, कढवणे, आटवणे, घोटणे, मुरवणे ह्या क्रियापदांच्या अर्थच्छटांची अशी उदाहरणे सापडू शकतात जी कोशकाराला अन्यत्र मिळणार नाहीत. ग्रंथालये स्वच्छ प्रती जतन करतात; डाग पडलेली प्रत रद्दीत जाते. म्हणजे पुस्तक उरते आणि त्याचे वाचन नष्ट होते. ज्या विद्यापीठीय विभागांनी पोथ्यांच्या समासांतील टिपांना संशोधनाचा विषय मानले, त्यांनी ह्या समासांकडेही तितक्याच गांभीर्याने पाहावयास हरकत नसावी. हौशी वाचकाला शिस्त नसते असे म्हणणाऱ्याने त्या नोंदी एकदा वाचाव्यात. प्रयोग, निरीक्षण, दुरुस्ती आणि पुन्हा प्रयोग ह्या क्रमाला अन्य क्षेत्रांत शिस्तच म्हणतात.