केशवरावांचें नाट्यगृह

शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत ‘पॅलेस थिएटर’ उभारिलें, तें १९१५ सालीं. संगीत नाटकांस त्या काळीं ध्वनिवर्धकाची जोड नव्हती. नटाचा गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोंचविणें हें वास्तूचेंच काम असे. शेजारीं महाराजांचेंच खासबाग मैदान. कुस्ती व ताना यांचा असा शेजार विरळाच! पुढें ज्यांचें नांव या गृहास मिळालें, ते केशवराव भोसले १९२१ सालीं अवघ्या एकतिसाव्या वर्षीं निवर्तले. त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्रीं, ८ ऑगस्ट २०२४ रोजीं, तें आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. पुनर्रचनेंत दगडी भिंतींची काळजी कोणीहि घेईल; नादाची कोण घेणार? परीक्षकांनीं नव्या रंगाकडे न पाहतां शेवटच्या रांगेंत बसावें आणि नटाकडून ध्वनिवर्धकावांचून एक पद म्हणवून घ्यावें.