कुमारांच्या कपाटापाशी

ग्रंथालयातील कुमारविभागाच्या कपाटापाशी एखादा प्रौढ वाचक रेंगाळताना दिसला, की ‘कोणासाठी हवे आहे?’ हा प्रश्न ठरलेला. आम्हीही कित्येक वर्षे ‘भाचीसाठी’ असे उत्तर देत आलो. भाची केव्हाच संसाराला लागली. पुस्तके मात्र आम्ही अजूनही नेतोच. हे असत्य क्षुल्लक असले, तरी ते बोलण्याची गरज आम्हांस का वाटावी, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात संत पौल प्रौढपणी बालपणीच्या गोष्टी सोडून दिल्याचे सांगतो. हे वचन आमच्या वाचनवेडावर अनेकदा फेकले गेले आहे. पण मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू एका बालकाला शिष्यांच्या मध्ये उभे करतो, ते काय केवळ कौतुकासाठी? सी. एस. लुईस या ब्रिटिश ख्रिस्ती लेखकाने १९५२ च्या एका निबंधात या पेचातून मार्ग दाखवला. प्रौढाने टाकून द्यावयाच्या गोष्टींत बालिश दिसण्याची भीतीही येते, आणि केवळ मुलांनाच आवडणारी बालकथा ही मुळात चांगली बालकथा नव्हे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे.

तथापि आमच्या या आवडीत एक भेसळ असू शकते, हेही मान्य केले पाहिजे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे आजही हाती घेतला, की आम्ही सायकलवर स्वार होतोच. पण त्या आनंदात पुस्तकाचा वाटा किती आणि आमच्या हरवलेल्या सुट्ट्यांचा किती, हे सांगणे अवघड आहे. फेणे संकटात सापडतो आणि सुटतो. त्याचे कायमचे असे काही हरवत नाही. स्मरणरंजन हा निरुपद्रवी छंद आहे. पण केवळ त्याच्या बळावर कुमारसाहित्याची बाजू मांडता येणार नाही. उलट, प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’मधील (१९९४) लंपन हा शाळकरी मुलगा प्रौढांनी उघडपणे डोक्यावर घेतला, कारण ते पुस्तक मुळात प्रौढांच्या कपाटात होते. म्हणजे लाज वाटते ती मुलाच्या कथेची नव्हे, कपाटावरील पाटीची!

त्या पाटीखालचे एक पुस्तक आम्ही तीनदा वाचले आहे. कॅथरिन पॅटरसन या अमेरिकन लेखिकेची ‘ब्रिज टू टेराबिथिया’ ही कादंबरी १९७७ साली प्रसिद्ध झाली आणि १९७८ चे न्यूबेरी पदक तिला मिळाले. लेखिका चीनमधील मिशनरी दांपत्याची कन्या. स्वतःही जपानमध्ये मिशनरी म्हणून राहिलेली. १९७४ साली तिच्या मुलाची आठ वर्षांची मैत्रीण वीज कोसळून मरण पावली, आणि त्या दुःखातून हे पुस्तक जन्मले.

कथानक थोडक्यात असे. व्हर्जिनियातील खेड्यात राहणारा, चित्रे काढणारा गरीब घरातील जेस आणि शेजारी राहायला आलेली, पुस्तकांत वाढलेली लेस्ली यांची मैत्री होते. ओढ्यापलीकडच्या रानात ते टेराबिथिया नावाचे काल्पनिक राज्य वसवतात. तेथे जायचे ते दोराच्या झोक्यावरून. एके दिवशी संगीताच्या बाई जेसला वॉशिंग्टनचे संग्रहालय पाहावयास नेतात. लेस्लीलाही बोलवावे, हे त्याला वेळेवर सुचत नाही. सुचते तेव्हा एकट्यानेच बाईंसोबत असल्याचा त्याला गुप्त आनंद होतो. त्याच दिवशी दोर तुटून लेस्ली मरण पावते.

पहिल्या वाचनात आम्ही जेसबरोबर रडलो. दुसऱ्या वाचनात थबकलो ते मायर्सबाईंपाशी. वर्गात मुलांनी थट्टेचा विषय केलेल्या या कडक शिक्षिका जेसला वर्गाबाहेर नेतात आणि सांगतात, की त्यांचे पती वारले तेव्हा लोक त्यांना रडू नका म्हणत, विसरायला सांगत. त्यांना मात्र विसरायचे नव्हते. हा प्रसंग जेमतेम पानभर आहे. कुमारवयीन वाचक त्यावरून पुढे जाईल; मयतीच्या घरी ‘आता विसरा’ असे सांगून परतलेला प्रौढ वाचक पुढे जाऊ शकत नाही. निदान आम्हांस ते जमले नाही.

तिसऱ्या वाचनात धर्मविषयक धागा नीट दिसला. लेस्लीच्या घरी चर्चला जाण्याची रीत नाही. ईस्टरला ती जेसच्या कुटुंबाबरोबर उपासनेला येते आणि येशूची कथा तिला सुंदर वाटते. विश्वास ठेवणे ज्यांना भाग आहे त्यांना ती नकोशी, आणि जिच्यावर सक्ती नाही तिला सुंदर, हे ती स्वतःच बोलून दाखवते. जेसची धाकटी बहीण मे बेल मात्र धास्तावते. विश्वास न ठेवणाऱ्याला देव नरकात टाकतो, असे तिला शिकवलेले असते. लेस्ली गेल्यावर हाच प्रश्न जेसला छळतो. एरवी अबोल, कामाने थकलेला त्याचा बाप त्याला मांडीवर घेऊन निक्षून सांगतो, की देव लहान मुलींना नरकात धाडत नाही. त्या बापाने धर्मशास्त्र वाचलेले नाही. पण स्वतःच्या दोषाविना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, अशांनाही तारण प्राप्त होऊ शकते, ही आशा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ च्या ‘लुमेन जेन्सियुम’मध्ये व्यक्त केलीच आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण मुलांच्या हाती आधी काय देतो, ती सुंदर कथा की ती धास्ती, हा प्रश्न येथे पालकांनाच विचारला गेला आहे.

पुस्तक निर्दोष नाही. जेसच्या दोघी थोरल्या बहिणी केवळ स्वार्थी आणि कजाग रंगवल्या आहेत; संगीताच्या बाईही एका मुलाच्या मोहक कल्पनेपलीकडे जात नाहीत. अमेरिकेत काही पालकांनी मुलांच्या तोंडची भाषा आणि मृत्यूचा विषय यांवरून आक्षेप घेतले. भाषेचे असो, पण मृत्यू मुलांच्या घरी परवानगी मागून येत नाही.

शेवटी जेस फळ्या रचून ओढ्यावर पूल बांधतो आणि त्यावरून मे बेलला टेराबिथियात नेऊन तेथील राणी करतो. नरकाची धास्ती जिच्या तोंडून आली, तीच चिमुरडी! हा अर्थ पकडायला आम्हांस तीन वाचने लागली. पहिले प्रश्न विचारण्याचे धैर्य कुमारवयात असते. त्या प्रश्नांचे मोल कळायला पुष्कळदा केस पिकावे लागतात. म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच, की असे पुस्तक मुलाला द्या, पण त्याआधी किंवा त्याच्याबरोबर स्वतःही वाचा. आणि ‘कोणासाठी?’ असे कोणी विचारलेच, तर आम्ही यापुढे भाचीला मध्ये आणणार नाही.